भोंग्याचं गोणपाट

॥ श्री ॥

सातपूर, नाशिक
१३ जानेवारी २०२५

ती. छायाताईस,
धाकट्या मोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीच्या तोंडावर असं पत्र लिहू नये, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. भोंग्या गेला. परवा शनिवारी, सकाळच्या पहिल्या चहाच्या वेळेला. दिवाळीतच डॉक्टर म्हणाले होते की वय झालंय, मूत्रपिंडं थकलीत, फार ओढू नका. तरी माणूस धरूनच चालतो की अजून एक उन्हाळा निघेल.

बारा वर्षांपूर्वी माझ्या कारखान्याच्या शटरखालून घुसलं होतं ते कुत्र्याचं पिल्लू. शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला की मान वर करून बरोबर त्याच पट्टीत सूर लावायचं. पोरं म्हणत होती मोत्या नाव ठेवा, पण ते नाव तू मला लहानपणीच देऊन ठेवलेलं. मोत्या, बाहेर हो, असं दिवसभर ओरडायला आमच्या कामगारांना किती आवडलं असतं, ते मला ठाऊक होतं. म्हणून भोंग्या.

आता तुला म्हणून सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. बारा वर्षं खायला मी घातलं. दूध-चपाती माझ्या डब्यातली. डॉक्टरकडे माझ्या गाडीतून, माझ्या शेजारच्या सीटवर. आणि हा झोपायचा कुठे? तीन नंबरच्या मशीनशी, गोरक्षच्या पायाशी. सिन्नरचा गोरक्ष तुला आठवत असेल, मागच्या वेळी तुला ऊस आणून दिला होता तो. अकरा वर्षं तीन नंबर चालवतो. त्याने कुत्र्याला कधी बिस्कीट दिलेलं मी पाहिलं नाही. मशीन सुरू करताना एकदा बुटाने पाठ खाजवायचा, बस्स. तेवढ्यावर हा त्याचा!

पण ताई, शेवटचे नऊ दिवस तो माझा होता. दोन तारखेला सकाळी भोंग्या उठला, तीन नंबरपाशी असलेलं आपलं गोणपाट त्याने दातांत धरलं आणि ओढत ओढत माझ्या केबिनच्या दाराशी आणून टाकलं. मग त्यावर असा बसला जणू जन्मापासून तिथेच बसतोय. गोरक्षने दोनदा हाक मारली. त्याने कान हलवला, उठला नाही. मी काचेतून सगळं बघत होतो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

गेला तोही त्याच गोणपाटावर, माझा हात डोक्यावर असताना. मी आवाज केला नाही. मालकाने काय हंबरडा फोडायचा? तो गोरक्षने फोडला. झालं, सगळा कारखाना त्याच्याभोवती. चहाच्या टपरीवाल्या कलाबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, जास्त साखरेचा चहा दिला. मला नेहमीचाच दिला. घरी मोहिनीला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न काय, तर गोरक्ष जेवला का! मागच्या अंगाला शेवग्याखाली खड्डा खणायला मी फावडं घेतलं, ते त्याने माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणे, शेठ, तुमची कंबर. माझ्या कुत्र्याला माती द्यायला माझीच कंबर आड आली.

वर आणखी एक. आठ-दहा दिवस गोरक्ष माझं डोकं खातोय की तीन नंबरमधून बारीक आवाज येतोय, कानाशी डास गुणगुणतो तसा, मेकॅनिकला बोलवू या. मी दोनदा जाऊन उभा राहिलो. काही नाही. मी म्हटलं, डासांची अगरबत्ती लाव, सगळे हसले. केबिनमध्ये बसून कुठल्या मशीनचं टूल बोथट झालंय ते मी सांगतो. चपलेच्या आवाजावरून दाराशी कोण आलंय ते सांगतो. या कानांच्या जोरावर झाडूवाल्याचा मालक झालो, आणि हा मला आवाज शिकवणार.

असो. थंडी फार आहे, डोक्याला बांधून बस. दाजींना नमस्कार. तुझी माया आहे तितकी तर असू देच, यंदा चिमूटभर वाढव. एक जीव कमी झालाय.

तुझा
मोतीराम

---

॥ श्री ॥

कळवण
१७ जानेवारी २०२५

चि. मोतीराम यास,
छायाताईचे अ. उ. आ.

पत्र वाचून डोळे भरून आले. गेल्या वर्षी आले होते तेव्हा भोंग्याने माझ्या पावलावर हनुवटी टेकली होती आणि मी अर्धा तास पाय हलवला नव्हता, आठवतं? दाजींना पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ते उठून अंगणात गेले आणि आमच्या गायीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

तू लिहितोस हे फार बरं करतोस. फोनवर मला तुझं हॅलो तेवढं कळतं, पुढे नुसती गरगर. पत्र कसं, चार वेळा वाचता येतं. तुझी सगळी पत्रं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तारखेने लावून ठेवली आहेत. बत्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, सवय जात नाही.

आता थोडं चिडवते, रागावू नकोस. तुझं पत्र वाचताना मला आपली चांदी शेळी आठवली. तू सात वर्षांचा होतास. खिशात ज्वारी भरून तिच्यामागे फिरायचास. ती तुझ्या खिशातली ज्वारी खायची आणि माझ्यामागे यायची. मी तिला काहीच देत नव्हते रे, तिच्याशी बोलायचे फक्त. तू तीन दिवस माझ्याशी अबोला धरला होतास. गोरक्षचा बूट आणि माझं बोलणं, दोन्ही सारखंच म्हणायचं.

पण मी तुला हसू कशी? इथे माझीही तीच गत आहे. सुनेची आई संक्रांतीला येऊन राहिली आहे, आणि आपला समर्थ तिला सोडत नाही. चार वर्षांचं पोर, कानात कुजबुजत बोलतं. तिला पहिल्या झटक्यातच कळतं. मी तीनदा काय रे, काय रे करते, मग तो कंटाळून तिच्या मांडीवर जातो. काल मी सुनेला मुद्दाम म्हटलं की तुझ्या आईच्या तिळाच्या वड्या जरा कडकच झाल्यात. वड्या लोण्यासारख्या मऊ होत्या. मी चार खाल्ल्या होत्या.

कान जाताना एकदम जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात. माझ्या चिमण्या गेल्या होत्या. शेजारच्या फकिराने बांधावरची झुडपं तोडली म्हणून चिमण्या कळवण सोडून गेल्या, असं धरून मी उन्हाळाभर त्याच्याशी भांडले. तहसीलदाराला अर्ज करायला निघाले होते. मग डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून कान तपासले आणि म्हणाले, बाई, चिमण्या आहेत तिथेच आहेत. घरी येऊन पाहिलं तर कुंपणावर दहा-बारा बसलेल्या, चोची उघडमीट करत. आवाज मात्र नाही.

सोबत तिळगुळाची पुडी ठेवली आहे. तुला, मोहिनीला, आणि एक वाटा गोरक्षला. त्याला माझं नाव सांगून दे. त्याचंही कुत्रं गेलंय.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ तुझा माझ्यावर आहेच, तो समर्थसारखा दुसऱ्या मांडीवर जाऊ देऊ नकोस म्हणजे झालं.

तुझी
ताई

---

॥ श्री ॥

सातपूर, नाशिक
२३ जानेवारी २०२५

ती. छायाताईस,
मोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. गोरक्षचा वाटा माझ्या टेबलाच्या खणात आहे. का दिला नाही ते सांगतो.

सोमवारी सिन्नरच्या कंपनीने आमचा अख्खा लॉट परत पाठवला. दोन तारखेपासून दहा तारखेपर्यंत केलेला प्रत्येक पीस. सगळे तीन नंबरवरचे. पीसला पाडलेल्या भोकाच्या आत बारीक लहरी उठल्यात, नख फिरवलं की लागतात. अठ्ठावीस वर्षांत माझा माल असा कधी परत आला नव्हता.

अशा वेळी कंपनीला कारण लिहून द्यावं लागतं. चूक काय झाली, कोणाकडून झाली, पुढे होऊ नये म्हणून काय केलं. मी लिहिलं, कामगाराचं दुर्लक्ष. पाळीव प्राण्याच्या मृत्यूमुळे चित्त ठिकाणावर नव्हतं. नाव, गोरक्ष. आणि हे मी केबिनमध्ये बोलावून सांगितलं नाही, सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं. त्यालाही कळू दे.

त्याने तंटा केला नाही. रोज करतो तसं मशीन फडक्याने पुसलं, हातमोजे जागेवर ठेवले, आणि एवढंच म्हणाला की शेठ, आवाजाचं मी सांगितलं होतं. मी म्हटलं, रडताना ऐकू आला असेल आवाज. मग तो गाडीला किक मारून गेला. तो गेट ओलांडेपर्यंत मी काचेतून पाहत होतो, हेही तुला सांगून टाकतो.

कागद सही करून सोमवारपर्यंत, तीन तारखेपर्यंत, कंपनीत पोचवायचा आहे. एकदा तो तिथे लागला की तिचं काम करणारा एकही कारखाना गोरक्षला मशीनला हात लावू देणार नाही, आणि सातपूर ते सिन्नर निम्मे कारखाने तिचंच काम करतात. मला हे कळत नाही असं समजू नकोस. पण मी असं बघतो, ताई. त्या दिवशी सगळा शोक त्याने घेतला. सांत्वन त्याने घेतलं, गोड चहा त्याने घेतला, फावडंही त्यानेच घेतलं. आता दोषही त्यानेच घ्यावा.

कारखान्यात हल्ली सगळे माझ्याशी कामापुरतंच बोलतात. कलाबाईने माझ्या चहात आलं घालायचं बंद केलंय. शेजारचा भोंगा एकटाच वाजतो. गोणपाट अजून माझ्या दाराशीच आहे, मी उचलू दिलं नाही. कोणी काही म्हणो, शेवटी भोंग्या माझ्याकडे आला होता. माणूस ओळखूनच आला असणार.

तू तरी माझ्या बाजूने लिही. तुझ्या मायेचा भुकेला,

मोतीराम

---

॥ श्री ॥

कळवण
२७ जानेवारी २०२५

चि. मोतीराम यास,
अ. उ. आ.

तुझ्या बाजूनेच लिहिते आहे, म्हणून शेवटपर्यंत वाच.

डब्यातून तुझं तेरा तारखेचं पत्र काढलं आणि तेवीस तारखेचं त्याच्याशेजारी ठेवलं. भोंग्या गेला अकरा तारखेला. खराब माल झाला दोन ते दहा तारखेपर्यंत. अकरा तारखेच्या दुःखाने दोन तारखेचं काम कसं बिघडलं रे? चौथीच्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला पुन्हा लिहायला लावलं असतं.

आता दुसरं. भोंग्याने गोणपाट कधी उचललं? दोन तारखेला. माल कधीपासून बिघडला? दोन तारखेपासून. गोरक्ष बारीक आवाज येतो म्हणून कधीपासून सांगत होता? तूच लिहिलं आहेस, आठ-दहा दिवस. मोतीराम, कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. गोरक्षला डासाएवढा येत होता तो आवाज भोंग्याच्या कानात सुईसारखा जात असेल. तुझ्या केबिनला काच आहे, तो दरवाजा आडोशाला आहे. भोंग्या गोरक्षला सोडून आला नव्हता. तो त्या मशीनला सोडून आला होता.

हे लिहिताना माझा हात थांबला होता. त्या नऊ दिवसांवर तू जगतो आहेस, हे मला दिसतंय. पण तुझे नऊ दिवस राखायला गोरक्षचा जन्म जाणार असेल तर ते तुला पचणार नाहीत.

आणि तुला का ऐकू आला नाही, तेही सांगते, कारण घरातलं दुसरं कोणी सांगणार नाही. माझ्या चिमण्या गेल्या तेव्हा मी बासष्टची होते. तू अठ्ठावन्नचा आहेस आणि चाळीस वर्षं मशीनच्या गोंगाटात उभा आहेस. मीही फकिरावरच खापर फोडलं होतं.

एक जुनी गोष्ट. चांदीचं दावं तू सोडलं होतंस. ती मळ्यात शिरली, नाना संतापले, आणि तू सांगितलंस की ताईनेच दावं सैल बांधलं. मी बापाचा मार खाल्ला. तू दाराआड उभा होतास, मला तुझा सदरा दिसत होता. एक्कावन्न वर्षांत मी हे कधी काढलं नाही, कारण सात वर्षांच्या पोराला शेळी आपली नाही याचं दुःख किती होतं ते मला कळलं होतं. आज तू सात वर्षांचा नाहीस. गोरक्ष तुझी मोठी बहीण नाही, तो एक्कावन्न वर्षं गप्प बसून माया करत राहणार नाही.

फकिराकडे मी तिळगूळ घेऊन गेले होते. दारात जायला जिवावर आलं होतं, म्हणून रोज उद्यावर ढकललं आणि अगदी रथसप्तमीला, शेवटच्या दिवशी गेले. तिळगूळ तोवर चालतो. यंदा रथसप्तमी चार तारखेला आहे. तुझ्या खणात एक वाटा पडून आहे.

रागावलास तरी माया करायचं सोडू नकोस, मी तर सोडणार नाहीच.

तुझी
ताई

---

नाशिक
३० जानेवारी २०२५

ती. ताईंना,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी वाचलं आणि फाडून चार तुकडे केले. मग संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते तर हे टेबलाशी बसून चिकटपट्टीने ते जोडत होते. मला बघून म्हणाले, ताईलासुद्धा गोरक्षच जवळचा. त्यानंतर दोन दिवस धड जेवण नाही. तुम्हाला लिहायला बसतात आणि पान कोरं ठेवून उठतात, म्हणून मी लिहिते.

ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत. दोन वर्षं झाली, मला माहीत आहे. कपडे धुण्याच्या मशीनची शेवटची पिपाणी यांना येत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत वाजला तर मी आपली सहज म्हटल्यासारखी म्हणते की अहो, तुमचा वाजतोय वाटतं. माझ्या बांगड्यांवरून पूर्वी मी कुठल्या खोलीत आहे ते सांगायचे, आता मागे जाऊन उभी राहिले तर दचकतात. आवाज जाडा असला की मात्र अजून बरोबर ओळखतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मी सांगितलं नाही, कारण सगळ्या गल्लीत यांच्या कानांचं नाव आहे, ते मी कसं पुसू?

आणि तुमच्यापासून काय लपवायचं. तीस वर्षं मशीनच्या आवाजाचं कौतुक ऐकलं. चार नंबर आज गोड चालतंय, सहा नंबर खाकरतंय. माझ्या आवाजाबद्दल एक शब्द नाही. त्यामुळे हे कान जरा उतरले तेव्हा मला थोडं बरंच वाटलं होतं. नंतर स्वतःची लाज वाटली. पण वाटलं होतं.

गोरक्षच्या घरी मी फोन केला होता. संजनाने, त्याच्या बायकोने, उचलला. म्हणाली की हे घरातच बसून असतात, बाहेर गेलं की लोक कुत्र्याचं विचारतात. नवऱ्याचं नाव कागदावर गेलं तर उद्या शाळेच्या दाखल्यासारखं आयुष्यभर पुढे चालेल, असं तिची सासू म्हणते.

कागद अजून यांच्या पिशवीत आहे. सही केली आहे, पाठवलेला नाही. रोज पिशवी घेऊन जातात आणि तशीच परत आणतात. काल, येत्या रविवारसाठी म्हणून, शटरची किल्ली मागून ठेवली. रविवारी कारखाना बंद असतो, काय करायचंय म्हटलं, तर किल्ली खिशात टाकून उठले.

तुमचा आमच्यावर जीव आहे, तो यांच्या रागामुळे उणा करू नका.

तुमची
मोहिनी

---

॥ श्री ॥

सातपूर, नाशिक
४ फेब्रुवारी २०२५, रथसप्तमी

ती. छायाताईस,
मोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र फाडलं होतं. मोहिनीने कळवलंच असेल, तिच्या पेनाची शाई अचानक कमी झालेली दिसली. आता ते जोडून खिशात ठेवलंय.

परवा रविवारी एकटाच कारखान्यात गेलो. तुला खोटं पाडायला गेलो होतो, दुसरं काही नाही. तीन नंबर सुरू केलं आणि उभा राहिलो. मोटरचा आवाज आला, पट्ट्याचा आला, पंपाचा आला. डास आला नाही. मशीनच्या डोक्यावर हात ठेवला तर तळव्याला मुंग्या आल्या, बारीक, भरभर. हाताला कळत होतं, कानाला कळत नव्हतं. तरी मन म्हणत होतं की मशीन आहे, थरथरणारच.

मग कलाबाईच्या टपरीवरचं कुत्रं आणलं. पिवळं, मोडक्या शेपटीचं, बिस्किटासाठी कोणाच्याही मागे जाणारं. आमच्या शटरच्या आत ते आयुष्यात कधी आलेलं नाही, भोंग्या येऊच देत नव्हता. मशीन बंद करून त्याला तीन नंबरपाशी बसवलं, पुडा फोडला. मजेत खात बसलं. मी मशीन सुरू केलं. जाडे आवाज चढले तोवर ते खातच होतं. मग मशीनच्या डोक्यातली फिरती चकती पूर्ण वेगाला आली आणि त्याचे कान एकदम मागे पडले. अर्धं बिस्कीट तोंडातून खाली टाकलं आणि उठलं. उघड्या शटरमधून बाहेर गेलं असेल असं तुला वाटेल, पण बाहेर ऊन होतं आणि माझ्या हातात पुडा होता. ते स्टोअरच्या दाराशी थांबलं, तिथून वळलं, आणि जाऊन माझ्या केबिनच्या दाराशी, भोंग्याच्या गोणपाटावर बसलं. तसंच, तोंड भिंतीकडे करून. मी हाका मारल्या, पुडा वाजवला. त्याने कान हलवला, उठलं नाही.

मशीन बंद केलं. ते आलं आणि टाकलेलं बिस्कीट खाऊन शेपूट हलवत बसलं.

ताई, भोंग्या गेला तेव्हा मी रडलो नव्हतो. रविवारी रडलो, त्या परक्या कुत्र्यासमोर. भोंग्या अकरा तारखेला गेला होता. माझे नऊ दिवस परवा गेले.

काल सोमवारी आधीचा कागद फाडला, आणि तो जोडणार नाही. नवा लिहिला. तशी बारीक थरथर बेअरिंगचीच असते, एवढं चाळीस वर्षांत हाताला कळतं. कारण, तीन नंबरचं मुख्य बेअरिंग खराब. कामगाराने वेळेवर सांगितलं होतं. मालकाने ऐकलं नाही. चूक कोणाची, मोतीरामची. दोष सगळ्यांसमोर दिला होता, म्हणून कागदही सगळ्यांसमोर वाचला. वाचताना आवाज कापला, तो मला व्यवस्थित ऐकू आला. तो कंपनीत पोचवला तेव्हा तिथला साहेब म्हणाला की मालकाने स्वतःचं नाव लिहिलेला कागद त्याने अजून पाहिला नव्हता. आमचा पुढचा माल तपासूनच काम चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार आहेत. बघू.

आज तुझ्या तिळगुळाचा वाटा घेऊन सिन्नरला गेलो. संजनाने पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. गोरक्षची आई यशोदाबाई खाटेवर होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, अगरबत्तीवरून हसलो होतो तेही. गोरक्ष ऐकत राहिला. शेवटी म्हणाला की गुरुवारी येईन, पण आधी मेकॅनिक आला पाहिजे, आणि पुन्हा मी आवाज म्हटलं तर कोणी हसायचं नाही. मी म्हटलं, कबूल. त्याने तिळगूळ घेतला, तोंडात टाकला नाही, मुठीत धरून बसला.

मग त्याने विचारलं की शेठ, त्या नऊ दिवसांत तो जेवत होता का. मी म्हटलं, का रे? तर मान खाली घालून म्हणतो, मला वाटलं तुम्ही त्याला काहीतरी चांगलंचुंगलं घालून फितवलंत. मी दोन हाका मारल्या, तो उठला नाही. तेव्हापासून मला तुमचा राग होता. तो गेला तेव्हा मी जास्त रडलो ते त्याचसाठी, शेवटी तो माझा राहिला नाही म्हणून.

ऐकलंस? काचेच्या आत मी जळत होतो आणि बाहेर तो.

मला गप्प बसता आलं असतं. माफी मागून झाली होती, कागद गेला होता, कुत्र्याचं काही लिहून द्यायचं नव्हतं. ते नऊ दिवस निदान त्याच्या लेखी तरी माझेच राहिले असते. दोन क्षण मी तसा उभाही राहिलो. मग पिवळ्या कुत्र्याची सगळी हकिकत त्याला सांगितली. तुला सोडून नाही आला रे, म्हटलं, आवाजाला भिऊन आला. सांगता सांगता त्याचा चेहरा उजळत गेला. तो चेहरा मी ओळखला. दोन तारखेला केबिनच्या काचेत माझाच तसा दिसत होता. त्याने मूठ उघडली आणि तिळगूळ तोंडात टाकला. संजनाने खुर्ची सरकवली.

हेवा संपला असं लिहून तुला फसवणार नाही. येताना गाडीत शेजारच्या सीटवर बघवत नव्हतं. पण कारखान्यात आलो, गोणपाट उचललं, झटकलं, आणि तीन नंबरच्या पायाशी नेऊन अंथरलं. जागा त्याची तिथली. कलाबाईचा चहा आला, त्यात आलं होतं.

तुझे ते काचेच्या खोलीवाले डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते कळव. आणि दाव्याची गोष्ट तुला माहीत होती, हे मला एक्कावन्न वर्षांत कळलं नाही. त्याबद्दल समोर आल्यावर बोलेन, पत्रात मावत नाही.

समर्थ दुसऱ्या आजीच्या मांडीवर गेला तर जाऊ दे. वड्या मऊ होत्या हे मात्र सुनेला सांगून टाक.

तुझी माया मला लागते तशीच लागणार. त्यातली थोडी गोरक्षला द्यायची असेल तर दे, मी अडवत नाही. फक्त माझा वाटा एका तिळाएवढा तरी मोठा ठेव.

तुझा
मोत्या